फांदीला मुळी फुटण्यासाठी स्वयंपाकघरातलं काय चालतं, काय चालत नाही (नाशिक)

गच्चीबाग

मृग लागला की नाशकात जो तो कुंडीत फांद्या खोचायला लागतो. या पावसाळ्यात मोगरा, जास्वंद, गावठी गुलाब, बोगनवेल आणि डाळिंब एवढं फांदीवरून करायचं आहे. विकतच्या रूटिंग पावडरऐवजी घरातलंच वापरा असं सांगणारे पुष्कळ: दालचिनी, मध, कोरफड, हळद, शहाळ्याचं पाणी, मोड आलेल्या कडधान्याचं पाणी, बटाट्यात खोचलेली फांदी, गूळ, तुरटी, चहाचा चोथा. यादी वाढतच जाते, माप मात्र कोणी देत नाही. जाणकारांनी कृपया एवढं लिहावं: त्या वस्तूने नेमकं होतं काय, घ्यायची किती, किती वेळ, आणि बिघडतं कुठे.

मुळाक्षर

मुळी फुटण्याची सोय फांदीतच असते, तिथून सुरुवात करू. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन हे संजीवक (हार्मोन) तयार होतं आणि देठातून खाली उतरतं. कापलेल्या टोकाशी वाट संपते, ते तिथे साचतं आणि तिथल्या पेशी मुळीच्या कामाला लागतात. फांदी उलटी खोचली तर ती बहुधा वाया जाते ती यामुळेच. इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, मुळ्या फोडतं हे 1935 साली प्रसिद्ध झालं आणि आजच्या बहुतेक रूटिंग पावडरींत तेच असतं.

आता आकडे बघा. कोवळ्या फांदीला साधारण 500 ते 1000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), अर्धपक्व फांदीला 1000 ते 3000, जून लाकडाला त्याहून जास्त आयबीए लागतं, तेही 5 ते 10 सेकंद बुडवून. चोवीस तास भिजवायचं असेल तर 20 ते 200 पीपीएम. वनस्पतीच्या पेशींत नैसर्गिक ऑक्सिन असतं ते ग्रॅममागे काही नॅनोग्रॅम. शंभर नॅनोग्रॅम धरले तरी 0.1 पीपीएम झाले. मूठभर मोड वाटून ग्लासभर पाण्यात घातले की ते आणखी पातळ होतं, शिवाय उजेडात लवकर मोडतं. ही तफावत हजारपटीची आहे. म्हणून स्वयंपाकघरातल्या कुठल्याही वस्तूला 'नैसर्गिक रूटिंग हार्मोन' म्हणताना जीभ थोडी आवरावी.

पण कापलेली फांदी मुळी फुटेपर्यंत चार-सहा आठवडे उघड्या जखमेनिशी ओल्या मिक्समध्ये (मातीऐवजीच्या मिश्रणात) उभी असते. त्या काळात ती कुजू नये, यासाठी दोन-तीन वस्तू खरंच कामाच्या आहेत.

कुंडीवाला

मुळाक्षर यांना अनुमोदन. दालचिनी आणि हळदीचं मी लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

दालचिनीत सिनामाल्डिहाइड असतं, ते बुरशीला आवरतं. मुळी फोडण्याशी त्याचा संबंध नाही. लोक ओलं टोक थेट पुडीत बुडवतात, त्याचा जाड लपका बसतो. दालचिनी जखम कोरडी करते, आणि नको तेवढी कोरडी झाली की टोकाची साल आक्रसते, पाणी वर चढायचं थांबतं. दोन-तीन दिवसांत पानं मान टाकतात, आणि मग 'पाणी कमी पडलं' म्हणून आणखी पाणी घातलं जातं. माप असं ठेवा: कापलेलं टोक सावलीत 15-20 मिनिटं सुकू द्या, बोटाच्या चिमटीत जेमतेम मावेल एवढी पूड फक्त कापाच्या तोंडावर लावा, काडी झटका. सालीवर लावू नका, मुळ्या बहुतेक तिथूनच निघतात.

दालचिनीची खरी जागा मिक्सच्या वरच्या थरावर आहे. पावसाळ्यात कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुग्यावर) पांढरी बुरशी धरते तिथे 15 सेंमीच्या कुंडीला पाव चमचा चाळणीने भुरभुरवा. आठवड्याने परत, पण दोनदाच.

हळद मातृवृक्षाला. ज्या गुलाबाची फांदी कापली त्या झाडाच्या उघड्या टोकावर हळद आणि दोन थेंब पाणी यांचा लेप द्या. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे 'हळदीच्या पाण्यात रात्रभर भिजवा' या सल्ल्यात फांदी फक्त पिवळी होते.

चाफा, अडेनियम यांसारख्या चीक येणाऱ्या झाडांत मात्र कोरडं करणं हेच काम असतं. चाफ्याची 30-45 सेंमीची फांदी घ्या, पानं काढा, चीक धुऊन टाका, कापावर दालचिनी किंवा हळद लावा आणि सावलीत आठ ते पंधरा दिवस आडवी ठेवा. टोक कडक झालं की वाळूच्या मिक्समध्ये उभी करा आणि पहिला आठवडा पाणी देऊच नका.

गच्चीबाग

आणि मध? सगळीकडे कृती एकच दिसते, दोन कप पाणी उकळा, त्यात चमचाभर मध घाला.

मुळाक्षर

त्या कृतीतच घोटाळा आहे. मध पातळ केला की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि जंतू रोखण्याचा त्याचा गुण बराचसा त्यावर उभा आहे. उकळत्या पाण्यात ते विकर मरतं, हातात उरतं साखरेचं पाणी. म्हणून पाणी उकळून पूर्ण गार करा, मग 200 मिलीला 1 छोटा चमचा (5 मिली, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम) कच्चा मध घाला. तापवून गाळलेल्या मधाकडून फार आशा नको. टोक एखाद मिनिट बुडवा आणि लगेच मिक्समध्ये लावा.

फांदी त्या ग्लासात उभी ठेवायची नाही. इतका पातळ मध दुसऱ्या दिवशी जंतूंचं जेवण होतो. पाणी गढूळ, टोक बुळबुळीत, वास आंबट अशी ओळख. गूळ आणि साखरेचं पाणीही याच वर्गात.

कोरफड यापेक्षा बरी. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल अल्प प्रमाणात असतं, आणि गर ओल धरून ठेवतो. काही झाडांवरच्या प्रयोगांत चांगला परिणाम दिसलाय, काहींत साध्या पाण्याइतकाच. कृती: जून पान 15-20 सेंमी कापून, कापलेली बाजू खाली करून वाटीत पंधरा मिनिटं उभं ठेवा. पिवळा कडू चीक निथळतो तो टाका. मग गर काढून काट्याने घोटा, पाणी मिसळू नका. फांदीचा खालचा 2-3 सेंमी भाग पाच मिनिटं बुडवून, निथळवून लावा. गराचा गोळा चिकटवून लावला तर टोकाला हवा मिळत नाही. तो गोळा कुजतो आणि सोबत फांदीलाही नेतो. गर ताजाच हवा, फ्रिजमध्ये फार तर एक दिवस.

काडीकलम

द्राक्षपट्ट्यातलं बघता या चर्चेत वाफसा, म्हणजे ओल आणि हवेचा मेळ, हा शब्द अजून आला नाही याचं नवल वाटतं. डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटाच्या काडीला मुळी मुश्किलीने फुटते म्हणून रोपवाटिकेत आयबीए लागतं. थॉमसन या द्राक्षाच्या जातीच्या पेन्सिलीएवढ्या पक्व काडीला, 3-4 डोळे असतील तर, काही न लावताही फुटते. काडीची जात आणि वय हा पहिला हिशोब, मिक्सचा वाफसा दुसरा, आणि तुमची दालचिनी-मध तिसरा.

नाशिकची काळी माती फांदीसाठी वापरू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते, आणि भेग पडताना नव्या मुळ्या तुटतात. घरगुती मिक्स: धुतलेलं कोकोपीट 1 भाग, जाड वाळू 1 भाग. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताचं तूस मिळतं. वाळूऐवजी ते अर्धवट जाळून काळं करून घेतलं तरी चालतं, पण पांढरी राख होईपर्यंत जाळू नका, तिने मिक्स अल्कधर्मी होतं. कोकोपीटची 5 किलोची वीट 20-25 लिटर पाण्यात फुगते. ते पाणी फेकून आणखी दोन पाण्यांनी धुवा, कारण त्यात मीठ असतं आणि कोवळी मुळी तिथेच करपते.

वाफसा तपासायची रीत सोपी: मिक्स मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून थेंबभर पाणी डोकावलं तर बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ उघडताच भुगा सांडला तर कमी.

जाईजुई

बटाट्यात गुलाबाची फांदी खोचायची ती पद्धत चुकीची का, ते सांगा ना कोणीतरी. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतो.

कुंडीवाला

ताई, बटाट्यातला पिष्ट फांदीला घेता येत नाही. बटाटा देतो ती फक्त ओल, आणि ती भिजलेलं कोकोपीट जास्त सुरक्षितपणे देतं. भोक पाडलेला बटाटा जूनच्या दमटपणात पंधरवड्यात सडतो, गुलाबाला मुळी यायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी सडणार कोण हे उघड आहे. फार तर बटाट्याचं रोप येईल.

बाकीचं भराभर सांगून टाकतो. व्हिनेगरने पेशी जळतात. चहा-कॉफीच्या चोथ्यात कॅफिन असतं, ते मुळीची वाढ खुंटवतं. चोथा कंपोस्टमध्ये टाका, फांदीजवळ नको. खाण्याच्या सोड्यातलं सोडियम नको. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, आम्लधर्मी पाण्यात ते नेमकं मुळीच्या टोकाची वाढ थांबवतं. गढूळ पाणी निवळण्याचा तिचा गुण इथे उलटा पडतो. तांदळाचं धुवण जुन्या झाडांना घाला. फांदीच्या कुंडीत त्या पिष्टावर चिलटं येतात आणि त्यांच्या अळ्या नव्या मुळ्या कुरतडतात.

गच्चीबाग

शहाळ्याचं पाणी राहिलं. त्यात म्हणे संजीवकं असतातच.

मुळाक्षर

असतात, आणि अडचण तीच आहे. ऊतिसंवर्धनात (टिश्यू कल्चरमध्ये) नारळाचं पाणी 1940च्या दशकापासून वापरतात, बहुधा 10-15 टक्के प्रमाणात. पण त्यात झिएटिनसारखी सायटोकायनिन ही संजीवकं असतात, ती पालवी फोडतात. ती जास्त झाली की मुळी मागे पडते. नऊ भाग पाण्याला एक भाग ताजं शहाळं, दोन तास, यापुढे जाऊ नका. नाशकाच्या उन्हाळ्यात ते पाणी काही तासांत आंबतं.

यातून एक फसगत समजून घ्या. गुलाबाच्या काडीला आठव्या-दहाव्या दिवशी कोंब आले की मुळी आली असं समजतात. कोंब काडीतल्या साठ्यावर येतात. मुळी नसेल तर साठा संपताच तीन आठवड्यांनी ते एकदम सुकतात. काडी उपटून पाहू नये. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळी दिसेपर्यंत थांबायचं, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावायचं आणि बाहेरून काळा कागद गुंडाळायचा.

मटकीची_उसळ

मोडाच्या पाण्याला तुम्ही वर एका वाक्यात निकालात काढलंत. पण करून बघायला काय हरकत? घरात मोड रोज येतात.

मुळाक्षर

हरकत नाहीच. उलट कडधान्य वेगळ्या कामाला फार उपयोगी आहे. मुगाच्या रोपाची कापलेली काडी हे मुळी फोडणाऱ्या द्रव्यांचं मोजमाप करायचं प्रयोगशाळेतलं जुनं साधन आहे. घरी असं करता येतं:

60 हिरवे मूग 8 तास भिजवा, एक दिवस फडक्यात बांधा. मोड आलेले दाणे धुतलेल्या वाळूत 1 सेंमी खोल पेरून उजेडात ठेवा. 8-10 दिवसांत पहिली दोन साधी पानं पूर्ण उघडतात. दाण्याच्या दोन डाळी ज्या पेरावर असतात त्याच्या खाली 3 सेंमी देठ ठेवून नव्या ब्लेडने कापा. मूळ आणि डाळी काढून टाका, वरची दोन पानं आणि मधला शेंडा राहू द्या.

एका छोट्या काचेच्या बाटलीत 20 मिली द्रावण, तोंडाला भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा कागद, त्यातून पाच रोपं. बाटलीलाही कागद गुंडाळा, देठाला अंधार हवा. प्रत्येक द्रावणाच्या दोन बाटल्या करा, म्हणजे दहा रोपं. साध्या पाण्याच्या दोन हव्यातच, त्यांच्याशिवाय बाकी सगळं वायफळ. चोवीस तासांनी सर्व बाटल्यांत साधं पाणी भरा आणि पुढे रोज बदला. थेट ऊन नको. चौथ्या-पाचव्या दिवसापासून देठावर पांढरे फुगवटे दिसतात, सातव्या दिवशी 1 मिमीहून लांब मुळ्या मोजा.

नुसती 'आली की नाही' अशी नोंद करू नका, मुगाला साध्या पाण्यातही मुळ्या येतातच. संख्या लिहा, आणि मुळ्या देठाच्या तळाशीच आहेत की वरपर्यंत हेही लिहा. ऑक्सिन पुरेसं मिळालं की त्या देठभर ओळीने फुटतात. हा फरक डोळ्याला लगेच कळतो. देठ तपकिरी, मऊ आणि मुळ्या शून्य म्हणजे द्रावण कडक किंवा आंबलेलं. अर्धं करून परत लावा.

काडीकलम

कसोटी उत्तम. पण एक पाचर मारून ठेवतो: मूग पास झाला म्हणून डाळिंब पास होत नाही. मुगाचं देठ कोवळं, जून काडीच्या सालीत बहुधा कडक पेशींचं कडं असतं. मूग फक्त एवढंच सांगतो की द्रावणात काही जोर आहे का आणि ते घातक आहे का.

डाळिंबासाठी कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यात गुटी का बांधतात ते यावरून समजेल. पेन्सिलीएवढ्या फांदीवर 2-2.5 सेंमी रुंदीची साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, भिजवून पिळलेलं मॉस (शेवाळ) मूठभर लावून प्लास्टिकने दोन्हीकडून घट्ट बांधायचं. फांदी आईवरच असल्याने सुकण्याचा प्रश्न नाही. कोरफड लावायचीच असेल तर कापाच्या वरच्या कडेला लावा, खालच्या नव्हे. ऑक्सिन वरून येऊन तिथे अडतं, मुळ्या तिथूनच सुटतात. पावसाळ्यात साधारण दीड-दोन महिने.

जाईजुई

पानं किती ठेवायची? आणि मोगऱ्याची काडी कुठली घ्यायची?

कुंडीवाला

मोगरा: नुकतीच फुलून गेलेली, हिरवी पण वाकवली तर मोडण्याआधी थोडा विरोध करणारी काडी. 10-12 सेंमी, तीन पेरं. खालच्या पेराच्या अर्धा सेंमी खाली काप, वरची दोन पानं ठेवून तीही निम्मी कापा. कळी दिसली तर खुडा. जास्वंदीलाही हेच, काडी 12-15 सेंमी. गावठी गुलाब आणि बोगनवेल 15-20 सेंमी, पेन्सिलीएवढी. फुलवाल्यांकडच्या दांड्या नकोत, त्या आधीच थकलेल्या असतात. सिकेटर (छाटणीची कात्री) कापण्याआधी सॅनिटायझरने पुसा. दालचिनीपेक्षा याने जास्त काड्या वाचतात.

कुंडीवर दोन लिटरची तळ कापलेली बाटली पालथी घाला, झाकण काढून. आतून धुकं धरलं पाहिजे, थेंब ओघळायला लागले तर एक तास उचलून ठेवा.

काडीकलम

हंगामाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मिक्सचं तापमान 21 ते 27 अंश असेल तर मुळी वेगात येते. जूनअखेर ते सप्टेंबर नाशकात हे आपोआप मिळतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10च्या खाली जातो, निफाडकडे आणखी खाली. तेव्हा काडी मरत नाही, पण नुसता कॅलस धरून बसते. कॅलस म्हणजे टोकाचा पांढरट खरबरीत गोळा, ती मुळी नव्हे. गुलाब ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या छाटणीत लावला तर थंडीपूर्वी सहा आठवडे मिळतात. एप्रिल-मेच्या 40 अंशांत काहीच लावू नका, बाटलीखाली काडी शिजते.

मटकीची_उसळ

वाचनखूण साठवली. शेवटचं: द्राक्षवाले जीवामृतात गूळ-बेसन घालतात, मग वर गुळाला नाही का म्हटलं?

काडीकलम

ते जमिनीतल्या जिवाणूंना खाऊ म्हणून. 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 5-10 लिटर गोमूत्र, 1-2 किलो गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन-तीन दिवस सावलीत, रोज काठीने ढवळून. तिथे शेण आणि माती आहे, वेलीला मुळं आहेत. तुमच्या ग्लासात यातलं काहीच नाही. मुळ्या आल्यावर, काडी मोठ्या कुंडीत लावून तीन आठवडे झाले की शंभरावा भाग करा: 2 लिटर पाणी, 100 ग्रॅम शेण, 50 मिली गोमूत्र, गूळ व बेसन 10-10 ग्रॅम, चिमूटभर माती. तयार झालं की दहापट पाण्यात पातळ करून कुंडीला कपभर, पंधरा दिवसांतून एकदा.

गच्चीबाग

मुगाची कसोटी लावतो आहे: साधं पाणी, कोरफड, शहाळं 1:9, मोडाचं पाणी, मध (200 मिलीला 1 चमचा). कोरफडीचा गर पाण्यात किती घालू? बाटलीत नुसता गर तर चालणार नाही.

मुळाक्षर

20 मिलीला 1 मिली. दुसऱ्या बाटलीत 5 मिली करून पहा, पण ती रोज हुंगा. मधाच्या बाटलीत चोवीस तासांऐवजी दहा मिनिटंच ठेवा, नाहीतर तुम्ही मध नव्हे, कूज मोजाल. आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या तळाशी चिकटवा, मोजणाऱ्याने आधी मोजून मग उलटून बघावं. कोरफड आवडती असली की दोन मुळ्या जास्तच दिसतात.

मटकीची_उसळ

आणि उरलेले मूग?

कुंडीवाला

पेरण्यातून राहिलेत त्यांची उसळ. बाटलीतले कंपोस्टमध्ये.